गल्लीतल्या बायका आणि युद्धाची वर्षे : वाचकांचे प्रश्न

ब्रिटनमधील कामगार वस्त्यांतल्या स्त्रियांनी दुसऱ्या महायुद्धाची वर्षे कशी काढली, याविषयी गेल्या अंकात मी एक टिपण लिहिले होते. बंदरांच्या आणि कारखान्यांच्या आसपास भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या विटांच्या घरांच्या अरुंद गल्ल्या, हा त्याचा विषय होता. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आपल्या टिपणात ‘सारी गल्ली म्हणजे एकच कुटुंब’ असे वाक्य आहे. माणसे गरीब होती म्हणून ती एकमेकांवर माया करीत होती, असे आपणांस सुचवायचे आहे का? दाटीवाटीच्या वस्तीत भांडणेच अधिक होतात, असा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे.
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, ते वाक्य सैल होते, हे मला मान्य आहे. त्या गल्ल्यांत माया नव्हती असे नाही. परंतु गल्ली बांधलेली राहिली ती प्रामुख्याने देण्याघेण्याच्या हिशेबामुळे, आणि तो हिशेब पूर्णपणे बायकांच्या हाती होता. नवरा आठवड्याचा पगार झाला की त्यातला स्वतःचा खर्च काढून घेई आणि उरलेले पैसे बायकोच्या हातावर ठेवी. पुढचे सात दिवस त्यात कसे निभवायचे, हा प्रश्न तिचा. म्हणून नवऱ्याचा रविवारचा सूट सोमवारी गहाणवटीच्या दुकानात जाई आणि पगार झाल्यावर शनिवारी सोडवून आणला जाई. कोपऱ्यावरच्या दुकानात उधारीची वही असे. ग्लासगोच्या वस्त्यांत बायका आपसांत भिशी चालवीत. तिला ‘मेनाज’ म्हणत, आणि आपल्याकडच्या भिशीहून ती फारशी निराळी नव्हती. बाळंतपणाला धावून येणारी आणि मयताला आंघोळ घालून नीट निजवणारी, अशी एखादी अनुभवी बाई जवळपास प्रत्येक गल्लीत असे. बहुधा ती एकच बाई दोन्ही कामे करी आणि मोबदल्यात थोडे पैसे किंवा एखादी वस्तू घेई. डॉक्टरला पैसे पडत. १९११ च्या कायद्याने कामगारांना आजारपणाचा विमा मिळाला, पण तो कमावत्या माणसापुरता होता. घर सांभाळणारी त्याची बायको त्यात येत नव्हती. तिचा विमा म्हणजे शेजारीण.

आता आपल्या भांडणांविषयी. ती होत असत, आणि ती या व्यवस्थेचाच भाग होती असे माझे मत आहे. उसनी साखर कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे ठरवायचे तर कोणाचा नवरा किती पितो, कोणाचे भाडे थकले आहे, कोणाची मुले अनवाणी शाळेत जातात, हे ठाऊक असावे लागते. ज्याला आपण चहाडी म्हणतो ती या गल्लीची पतपडताळणी होती. दाराची पायरी रोज घासून तिच्या कडेला दगडाच्या वडीने पांढरी किंवा पिवळसर रेघ ओढण्याची रीत इंग्लंडच्या उत्तर भागात होती. ती वडी भंगारवाला जुन्या चिंध्यांच्या बदल्यात देई. जिची पायरी काळी, तिच्या घरात काहीतरी बिनसले आहे, असा निष्कर्ष लगेच निघे. शिवाय ‘सारी गल्ली’ म्हणताना लिव्हरपूल आणि ग्लासगोमध्ये कॅथलिक गल्ली आणि प्रोटेस्टंट गल्ली वेगळी असे, हेही मी लिहायला हवे होते. एका गल्लीच्या उबेला दुसरीचा तिटकारा जोडलेला होता.

या हिशेबातून केवढी ताकद उभी राहू शकते, याचे उत्तम उदाहरण मात्र पहिल्या महायुद्धातले आहे. १९१५ मध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी ग्लासगोत माणसांची रीघ लागली, तेव्हा घरमालकांनी भाडी वाढवली. गोव्हन भागात मेरी बार्बर आणि तिच्या सोबतिणींनी भाडे न देण्याचा ठराव केला. जप्तीचा अधिकारी गल्लीत शिरला की पहारा देणारी बाई घंटा वाजवी. मग घराघरांतून बायका बाहेर पडत, जिना अडवून उभ्या राहत आणि त्याच्यावर पिठाच्या पुड्या फेकीत. वर्षाच्या अखेरीस सरकारने युद्धापूर्वीच्या दराला भाडी गोठवणारा कायदा केला. जिना कोण अडवणार आणि तेवढा वेळ कोणाची मुले कोणाकडे राहणार, हे ठरवायला त्यांना वेगळी संघटना उभारावी लागली नाही. ती आधीच होती.

प्रश्न : बॉम्बहल्ले होणार हे ठाऊक असूनही या बायका मुलांना घेऊन खेड्यांत का गेल्या नाहीत? सरकारने सोय केली होती असे वाचले आहे.
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी

उत्तर : गेल्या होत्या, आणि परत आल्या. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या तीन दिवसांत सुमारे १५ लाख लोक शहरांतून हलवले गेले. त्यांत शाळकरी मुलांखेरीज लहान मुले आणि त्यांच्या आया मिळून पाच लाखांच्या घरात होत्या. लगेच बॉम्ब पडले नाहीत. जानेवारी १९४० पर्यंत या लोकांपैकी निम्म्याहून अधिक शहरात परतले होते, आणि परतणाऱ्यांत तान्ह्या मुलांच्या आया सर्वांत पुढे होत्या.

त्यांना परत आणले ते अगदी साध्या गोष्टींनी. दुसऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात, तिच्या मर्जीने, तिने ठरवलेल्या वेळी चूल वापरणे ही रोजची मानखंडना असते, आणि यजमानीण वरच्या वर्गातली असली तर ती दुप्पट होते. शहरात नवरा एकटा, म्हणजे एका पगारात दोन घरे. खेड्यात गहाणवटीचे दुकान नाही, उधारीची वही नाही, आई नाही. पहिल्या उत्तरात ज्या हिशेबाविषयी लिहिले, तो गल्लीबाहेर चालत नव्हता. गल्ली सोडणे म्हणजे पत सोडणे होते.

त्यानंतर ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री हल्ले झाले आणि बंदराजवळच्या कामगार वस्त्यांना सर्वाधिक मार बसला. घराच्या मागे बाग असेल तर तीत पुरायचा पत्र्याचा आडोसा सरकार देत असे, आणि कमी उत्पन्नाच्या घरांना तो फुकट मिळे. पण या गल्ल्यांतल्या घरांमागे फरसबंद चिंचोळे अंगण असे. तेथे खड्डा खणणार कुठे? मग रस्त्यावर विटांची सामाईक आश्रयस्थाने बांधली गेली. ती ओली आणि अंधारी होती, आणि त्यांपैकी कित्येकांचे बांधकाम निकृष्ट होते. भुयारी रेल्वेत झोपणाऱ्यांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत, तरी नोव्हेंबर १९४० मधल्या पाहणीत लंडनवासीयांपैकी अवघे चार टक्के लोक तेथे झोपताना आढळले. निम्म्याहून अधिक लोक कोणत्याच आडोशाला जात नव्हते. ते जिन्याखाली, टेबलाखाली किंवा आपल्या नेहमीच्या पलंगावर झोपत.

दोन घटना सांगितल्याखेरीज हे उत्तर पुरे होणार नाही. लंडनच्या कॅनिंग टाउनमध्ये घरे गमावलेल्या कुटुंबांना एका शाळेत ठेवले होते आणि बस येऊन त्यांना पुढे नेणार होत्या. बस आल्याच नाहीत. १० सप्टेंबर १९४० च्या पहाटे त्या शाळेवर बॉम्ब पडला. सरकारी आकडा ७७ मृतांचा होता. गल्लीतल्या लोकांनी तो कधीही मान्य केला नाही, कारण कोणाच्या घरातली किती माणसे त्या शाळेत होती हे त्यांना नावानिशी ठाऊक होते. दुसरी घटना स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकची. मार्च १९४१ मधल्या दोन रात्रींत तेथे पाचशेहून अधिक माणसे मरण पावली. गावातल्या सुमारे १२,००० घरांपैकी अजिबात धक्का न लागलेली घरे दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. अशा ठिकाणी शेजारणींनी एकमेकींना कसा आधार दिला हे लिहायला आपल्याला आवडते. पण शेजारच उरला नव्हता, हे आधी लिहिले पाहिजे.

प्रश्न : रेशनमुळे गरिबांना पूर्वीपेक्षा चांगले खायला मिळाले, असे म्हणतात. ते खरे आहे का?
– एक गृहिणी

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे. जानेवारी १९४० मध्ये लोणी, साखर आणि डुकराचे खारवलेले मांस यांपासून रेशन सुरू झाले. त्याच वर्षी चहा आला. १९४१ मध्ये कपड्यांसाठी आणि १९४२ मध्ये साबणासाठी मर्यादा घातली गेली. एका माणसाला आठवड्याला साधारण दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम चहा मिळे. लोणीही साधारण तेवढेच मिळे. पाच वर्षांखालील मुलांना आणि गरोदर स्त्रियांना रोज पाइंटभर दूध स्वस्तात किंवा फुकट देण्याची योजना १९४० मध्ये सुरू झाली, आणि पुढे संत्र्याचा रस व कॉड माशाचे तेलही मिळू लागले. युद्धापूर्वी अर्धपोटी असलेल्या घरांत हा फरक ठळकपणे दिसला.

परंतु आपला प्रश्न गृहिणीचा आहे, म्हणून आणखी एक पायरी खाली उतरतो. रेशन माणशी होते, आणि घरात आल्यावर त्याची वाटणी आई करी. १९३९ मध्ये मार्जरी स्प्रिंग राइस यांनी १,२५० विवाहित कामगार स्त्रियांच्या प्रकृतीची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यांपैकी ज्यांची प्रकृती चांगली म्हणता येईल अशा स्त्रिया एक तृतीयांशाहूनही कमी होत्या. नवऱ्याला अंगमेहनत करायची म्हणून मांस त्याला, वाढते वय म्हणून दूध मुलांना, आणि स्वतःला चहा-पाव, ही सवय कागदी कुपनाने मोडण्यासारखी नव्हती. तिच्या वाट्याचा औंस सरकारने कुपनावर लिहून दिला. ताटात तो नवऱ्याच्या किंवा मुलांच्या वाटणीला गेला.

शिवाय रांग. नोकरी करणारी बाई संध्याकाळी दुकानात पोचेपर्यंत कुपनाबाहेरची प्रत्येक वस्तू संपलेली असे. तेव्हा गल्लीतली एखादी म्हातारी चार घरांच्या पिशव्या घेऊन रांगेत उभी राही. आणि हे सारे युद्धाबरोबर संपले, असा समज करून घेऊ नका. युद्धभर पाव मुक्तपणे मिळत होता. तो रेशनवर आला जुलै १९४६ मध्ये, म्हणजे युद्ध जिंकल्यावर, आणि दोन वर्षे राहिला. मांसावरचे रेशन उठायला जुलै १९५४ उजाडले. एखाद्या मुलीचा जन्म १९४० मधला असेल, तर कुपनाशिवाय भरलेली बाजाराची पिशवी तिने चौदाव्या वर्षी प्रथम पाहिली.

प्रश्न : स्त्रियांना कारखान्यांत सक्तीने पाठवले गेले की त्या आनंदाने गेल्या? पुरुषांइतका पगार मिळाला का? आणि मुलांचे काय?
– तीन पत्रांतून

उत्तर : सक्ती होती. मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी १९४१ च्या वसंतात स्त्रियांची नोंदणी सुरू केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वीस ते तीस वयाच्या अविवाहित स्त्रिया आणि अपत्य नसलेल्या विधवा यांना सक्तीच्या सेवेत घेणारा कायदा झाला. संसार सांभाळणाऱ्या बायकांना गावाबाहेर पाठवता येत नसे. पण घराजवळच्या कामावर त्यांनी यावे, असा दबाव वाढत गेला. मात्र कामगार गल्लीतली बाई युद्धामुळे प्रथमच कामाला लागली, असा आपला समज असेल तर तो सोडून द्यावा. गिरण्यांत, लाँड्रीत, श्रीमंतांच्या घरी धुण्याभांड्याला ती आधीपासूनच जात होती. अविवाहितपणी चौदाव्या वर्षापासून आणि लग्नानंतर पैशांची ओढाताण होईल तेव्हा तेव्हा. युद्धाने तिला दुसऱ्या तऱ्हेचे काम दिले. लेथवर उभे राहणे, विमानाच्या पत्र्यांना रिव्हेट मारणे, क्रेन चालवणे ही कामे कष्टाची आणि कधी कधी धोक्याची होती. पण त्यांना ठरलेले तास होते, पगाराचे पाकीट तिच्या नावाचे होते आणि दुपारी दुसऱ्याने रांधलेले गरम जेवण होते. या शेवटच्या गोष्टीचे मोल पुरुष इतिहासकारांच्या लक्षात बहुधा आले नाही.

पगार समान नव्हता. मालक आणि कामगार संघटना यांच्यातल्या करारानुसार पुरुषाचे काम जादा देखरेखीशिवाय करणाऱ्या स्त्रीला ठरावीक आठवड्यांनंतर पूर्ण दर मिळायचा होता. पण यंत्राची मांडणी जरा बदलली की ते काम ‘बायकांचे काम’ ठरवता येई. ग्लासगोजवळच्या हिलिंग्टन येथील रोल्स-रॉइसच्या कारखान्यात १९४३ मध्ये याच प्रश्नावर हजारो कामगारांनी संप केला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ऐन युद्धात संप केल्याबद्दल त्यांना रस्त्यात शिव्या खाव्या लागल्या. एकूण उद्योगांचा विचार केला, तर स्त्रियांची सरासरी कमाई पुरुषांच्या निम्म्याच्या आसपास राहिली. आणखी एक हिशेब अधिक कटू आहे. बॉम्बने जखमी झालेल्या स्त्रीला पुरुषापेक्षा कमी भरपाई मिळत असे. खासदार मेव्हिस टेट आणि इतरांनी लढा दिल्यावर १९४३ मध्ये ती समान झाली.

मुलांसाठी १९४४ पर्यंत दीड हजाराहून अधिक सरकारी पाळणाघरे निघाली. ती चांगली होती, पण अपुरी होती. बाकीची मुले आजीकडे, मावशीकडे आणि आजी-मावशी नसेल तर शेजारणीकडे राहिली. सरकारी आकडेवारीत ‘युद्धकार्यात नाही’ म्हणून नोंदलेल्या साठीतल्या बाईच्या घरी पाच मुले दिवसभर असत, आणि त्यांच्या पाच आया दारूगोळा बनवीत असत.

प्रश्न : युद्धानंतर या बायका मुकाट्याने घरी परतल्या का? आणि त्या गल्ल्या आज कुठे आहेत?
– एक जुने वर्गणीदार

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर वयानुसार बदलते. तरुण मुलींना लग्न करून स्वतःचे घर हवे होते. चाळिशीच्या बायकांना पगार सोडायचा नव्हता. पाळणाघरांचे सरकारी अनुदान कापले गेले आणि त्यांपैकी अनेक बंद झाली. त्यानंतर लगेचच, १९४७ मध्ये, उत्पादन वाढवायचे म्हणून त्याच सरकारने स्त्रियांना कामावर परत येण्याचे आवाहन केले. ज्या बाईचे पाळणाघर बंद झाले होते तिने ते आवाहन वाचून काय म्हटले असेल, हे लिहिण्याजोगे नाही. घरात वेगळाच पेच होता. पाचसहा वर्षांनी परतलेला नवरा मुलांना अनोळखी होता, आणि पैशांचे निर्णय एकटीने घ्यायची सवय झालेली बायको त्याला अनोळखी होती. १९४७ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे ६०,००० घटस्फोट झाले. तो आकडा त्या काळाच्या मानाने अभूतपूर्व होता. बहुतेक जोडपी अर्थात न्यायालयात गेली नाहीत. त्यांनी जमवून घेतले, आणि कोणी किती जमवून घेतले हे शेजारणींना ठाऊक होते.

दोन गोष्टींनी मात्र तिचा जुना हिशेब मुळापासून बदलला. १९४५ च्या कायद्याने दुसऱ्या अपत्यापासून पुढे दर मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग भत्ता ठरला. मूळ मसुद्यात तो बापाच्या नावे होता. खासदार एलिनर रॅथबोन यांनी हट्ट धरून तो आईच्या नावे करून घेतला. ऑगस्ट १९४६ मध्ये बायका तो घेण्यासाठी टपालकचेरीत पोचल्या, तेव्हा रॅथबोन हयात नव्हत्या. दुसरी गोष्ट ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्य सेवा. तोवर घर सांभाळणाऱ्या बाईने अंग बाहेर येणे, पायांच्या शिरा फुगणे, सडलेले दात ही दुखणी वर्षानुवर्षे अंगावर काढलेली होती, कारण डॉक्टरला द्यायचे पैसे मुलांच्या बुटांना लागत. आता दवाखान्यांत अशा बायकांची गर्दी झाली. पहिल्या वर्षभरात सुमारे ५० लाख चष्मे वाटले गेले. त्यांतले किती शिवण डोळ्यांशी धरून टाके घालणाऱ्या बायकांच्या नाकावर चढले, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. माझा अंदाज बराच मोठा आहे.

आता गल्ल्या. बॉम्बने पाडलेल्या आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या जागी आधी कारखान्यात बनवलेली तात्पुरती घरे आली. अशी सुमारे दीड लाख घरे उभी राहिली, आणि त्यांत न्हाणीघर, गरम पाणी व फ्रिज होता. पुढच्या वीस वर्षांत उरलेल्या गल्ल्या गलिच्छ वस्त्या म्हणून पाडल्या गेल्या, आणि माणसे शहराबाहेरच्या वसाहतींत व उंच इमारतींत गेली. मायकल यंग आणि पीटर विल्मॉट या समाजशास्त्रज्ञांनी लंडनच्या बेथनल ग्रीनचा अभ्यास १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. तेथल्या विवाहित मुलींपैकी निम्म्याहून अधिक जणी आदल्या चोवीस तासांत आपल्या आईला भेटलेल्या होत्या. नव्या वसाहतीत गेलेल्या मुलींची ही भेट आठवड्यावर, मग महिन्यावर गेली; बसचे भाडे मोजून जावे लागे. त्या बायकांना विचारले तेव्हा त्यांनी एकाच श्वासात नव्या घराची स्तुती केली आणि एकटेपणाची तक्रारही केली.

आपल्या पत्रात आपण ‘ते दिवस किती चांगले होते’ असे लिहिले आहे. पाच घरांत मिळून अंगणातला एक नळ आणि थंडीत गोठणारा एक संडास वापरलेल्या बाईने असे म्हटले तर मी ऐकून घेईन. मात्र न्हाणीघर मिळाल्यावर ते परत करून गल्लीत राहायला गेलेली एकही बाई माझ्या वाचनात आलेली नाही. सोमवारी दुपारी नव्या वसाहतीतून दोन बस बदलून जुन्या गल्लीत आईकडे धुणे घेऊन जाणाऱ्या मुली मात्र भेटतात. धुणे घरीही झाले असते, कारण नळ होता, गरम पाणी होते. त्या पिशवी भरून घेऊन जात.